औषध नसलेल्या गोळीचे काम

ऑक्टोबर 2016 मध्ये ‘एंडेव्हर’ नावाची एक औषधचाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. तिच्यात 206 रुग्ण होते आणि आनुवंशिक अमायलॉइडोसिसमुळे त्या सर्वांचे हृदय कमकुवत होत चालले होते. 140 जणांना रेव्हुसिरान हे नवे इंजेक्शन मिळत होते, 66 जणांना दिसायला अगदी तसेच पण औषध नसलेले. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि सुई टोचणाऱ्यालाही नव्हते. औषध नेमून दिलेले काम करत होते. ज्या प्रथिनापासून हा आजार उद्भवतो, त्याचे रक्तातले प्रमाण उतरले होते. तरीही औषध घेणाऱ्यांपैकी 18 जण उपचार चालू असताना दगावले, म्हणजे शेकडा 12.9. औषध नसलेल्या गटात मृत्यू झाले 2, म्हणजे शेकडा 3. आता हा दुसरा गट नव्हताच असे घटकाभर समजू. उतारवयातले, हृदय थकलेले 140 रुग्ण, आजार जीवघेणा, आणि सहा-सात महिन्यांत 18 मृत्यू. हे आकडे पाहून कोणत्याही अनुभवी डॉक्टरने म्हटले असते की आजारच असा आहे, औषध तरी काय करणार. रक्ततपासणीचे सुधारलेले आकडे पाहून कदाचित ते इंजेक्शन आणखी शेकडो रुग्णांना दिले गेले असते. त्या औषधापासून पुढच्या रुग्णांना वाचवले ते औषध न मिळालेल्या 66 जणांनी. अमायलॉइडोसिसच्या उपचारांचा गेल्या तीन दशकांचा इतिहास नीट पाहिला, तर या दुसऱ्या गटाचे महत्त्व पुन्हा पुन्हा समोर येते. अशा दुर्मीळ आणि जीवघेण्या आजारात तुलनेचा गट ठेवणे म्हणजे चैन आहे, किंवा निर्दयपणा आहे, असे पुष्कळांना वाटते. मला उलट वाटते. आजार जितका दुर्मीळ, लहरी आणि क्रूर, तितकी तुलनेची गरज मोठी.

ते का, हे समजायला आजाराची जात समजून घेतली पाहिजे. 1854 मध्ये जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यांनी मृत शरीरातील ऊतींमध्ये साचलेला एक पदार्थ पाहिला. आयोडीन लावल्यावर त्याचा रंग स्टार्चसारखा बदलला, म्हणून त्यांनी स्टार्चच्या लॅटिन नावावरून त्याला ‘अमायलॉइड’ म्हटले. पाच वर्षांतच तो पिष्टमय पदार्थ नसून प्रथिन आहे हे सिद्ध झाले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. शरीरातले एखादे प्रथिन आपली नेहमीची घडी सोडते, चुकीच्या घडीत दुमडते आणि तशाच चुकीच्या रेणूंना धरून बारीक, चिवट तंतू बनवते. हे तंतू हृदय, मूत्रपिंड, मज्जातंतू, यकृत, आतडी असे जागा मिळेल तिथे साचत जातात. खळ घातलेले कापड जसे वाळल्यावर ताठ होते, तसे हृदय ताठ होते. ते आकुंचन पावते, पण सैल पडून रक्ताने नीट भरत नाही. चाळीसहून अधिक प्रथिने असे करू शकतात. त्यांतले दोन प्रकार इथे महत्त्वाचे. पहिला ‘एएल’: अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा एक बिघडलेला वंश प्रतिपिंडाचे तुकडे, म्हणजे ‘लाइट चेन’, भरमसाठ तयार करतो आणि ते साचतात. दुसरा ‘एटीटीआर’: यकृतात तयार होणारे आणि रक्तातून थायरॉइडचे संप्रेरक व अ जीवनसत्त्व वाहून नेणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन आपल्या चार भागांच्या जुळणीतून सुटते आणि तंतू बनवते. कधी यामागे आनुवंशिक दोष असतो, कधी केवळ वय. भारतात क्षयासारख्या दीर्घ जंतुसंसर्गातून होणारा तिसरा प्रकारही डॉक्टरांना जुना परिचित आहे. पण त्यात मूळ संसर्ग बरा करणे हाच मुख्य उपचार, त्यामुळे तो इथे बाजूला ठेवू.

आता अडचण पाहा. आज हाती असलेली जवळजवळ सर्व औषधे नवा साठा थांबवतात. आधी साचलेले तंतू ती काढून टाकत नाहीत. ते काम शरीराने आपल्या गतीने केले तर केले. म्हणजे औषध यशस्वी झाले तर रुग्णाला काय जाणवते? बहुतेकदा काहीच नाही. कालच्यासारखाच आज दम लागतो, पायाच्या मुंग्या तशाच असतात. तापावरचे औषध ताप उतरवते आणि ते थर्मामीटरवर दिसते. इथे औषधाचे यश म्हणजे जे घडणार होते ते न घडणे. न घडलेली गोष्ट एका रुग्णात कधीच दिसू शकत नाही. ती दिसते फक्त शेजारी तसाच दुसरा रुग्ण असेल आणि त्याच्या बाबतीत ती घडली असेल, तरच. त्यातच या आजाराची चाल एकसारखी नाही. एएल प्रकारात हृदय गंभीर गुंतले आणि उपचार झाला नाही, तर निम्मे रुग्ण सहाएक महिन्यांत जातात. त्याच प्रकारात फक्त मूत्रपिंड गुंतलेला रुग्ण वर्षानुवर्षे जगतो. एवढी तफावत असताना दहा रुग्ण बरे राहिले म्हणून औषध चांगले आणि दहा गेले म्हणून वाईट, या दोन्ही म्हणण्यांना अर्थ उरत नाही.

या सापळ्यात जगातले उत्तमोत्तम डॉक्टरही अडकले होते, आणि तो प्रसंग थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे. एएल प्रकारासाठी 1990 च्या दशकात चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या झाल्या. त्यांपैकी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेयो क्लिनिकच्या चाचणीत 220 रुग्ण होते. मेल्फालान व प्रेडनिसोन घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 18 महिने निघाले, नुसत्या कोल्चिसीनवर साडेआठ. सुधारणा खरी होती, पण अपुरी. मग प्रचंड मात्रेत मेल्फालान देऊन अस्थिमज्जा जवळजवळ पुसून टाकायची आणि रुग्णाच्याच आधी साठवलेल्या मूळपेशी परत चढवायच्या, असे प्रत्यारोपण सुरू झाले. निकाल डोळे दिपवणारे होते. 2004 मध्ये मेयोच्याच डॉक्टरांनी प्रत्यारोपण झालेले 63 रुग्ण आणि वय, लिंग, हृदयाची स्थिती वगैरे जुळवून निवडलेले न झालेले 63 रुग्ण यांची तुलना केली. चार वर्षांनी पहिल्या गटातले 71 टक्के हयात होते, दुसऱ्यातले 41. मात्र एक खूण आधीच हाती होती. प्रत्यारोपणाला पात्र ठरले असते, पण ज्यांना ते दिले गेले नव्हते अशा 229 जुन्या रुग्णांची नोंद त्याच संस्थेने 2001 मध्ये तपासली होती आणि त्यांचे मध्यक आयुष्य 42 महिने निघाले होते. सर्व रुग्णांच्या सरासरीहून हे कितीतरी जास्त. म्हणजे प्रत्यारोपणासाठी निवड होणे हीच मुळात रुग्ण धडधाकट असल्याची पावती होती.

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी प्रश्न थेट विचारला. 100 रुग्णांची चिठ्ठीने विभागणी केली: 50 जणांना प्रत्यारोपण, 50 जणांना तोंडाने घ्यायच्या मेल्फालान व डेक्सामेथासोनच्या गोळ्या. 2007 मध्ये निकाल आला. प्रत्यारोपणाच्या गटाचे मध्यक आयुष्य 22.2 महिने आणि गोळ्यांच्या गटाचे 56.9. प्रत्यक्ष प्रत्यारोपण झालेल्या 37 जणांपैकी 9 जण शंभर दिवसांच्या आत दगावले होते. यावर घेतलेला आक्षेपही वजनदार आहे. चाचणी अनेक केंद्रांत विखुरलेली होती, काही केंद्रांचा हात पुरेसा बसलेला नव्हता, आणि रुग्णांची निवड अधिक काटेकोर झाली असती तर सुरुवातीचे मृत्यू कमी झाले असते. हे खरेच आहे; पुढच्या वर्षांत अनुभवी केंद्रांनी ते मृत्यू पुष्कळ खाली आणले. पण सुरुवातीचे मृत्यू वगळून, तगून राहिलेल्यांचीच तुलना केली तेव्हाही प्रत्यारोपण सरस ठरले नाही. आणि माझ्या मते मुद्दा त्याहून खोल आहे. निवड इतकी कडक हवी, हे आपल्याला कळले कशामुळे? त्या चाचणीमुळेच. ती झाली नसती तर धडधाकट रुग्ण निवडून मिळवलेले यश हे उपचाराचे यश म्हणून मिरवले गेले असते, आणि थकलेल्या हृदयाचे रुग्णही त्याच वाटेने पाठवले गेले असते. भारतातल्या रुग्णाच्या दृष्टीने या निकालाला आणखी एक अर्थ होता. जिंकलेला उपचार दोन जुन्या, स्वस्त गोळ्यांचा होता. त्यासाठी प्रत्यारोपणाचा महागडा विभाग लागत नव्हता.

इथे पहिला आणि सर्वांत भावनिक आक्षेप येतो. जीवघेण्या आजाराच्या माणसाला जाणूनबुजून औषध नसलेली गोळी देणे हा अन्याय नाही का? आक्षेप हलका नाही, आणि त्याला उत्तर देताना आकडे लपवू नयेत. टॅफामिडिस हे औषध ट्रान्सथायरेटिनच्या चार भागांना एकत्र धरून ठेवते. म्हणजे घडी मोडण्याआधीच तिला टाचणी लावते. निसर्गात असे घडते हे आधी ठाऊक होते. पोर्तुगालमध्ये या आजाराची घराणी आहेत. कोरिनो आन्द्राद यांनी 1952 मध्ये त्यांचे वर्णन केले. त्या घराण्यांतल्या काही माणसांत आजाराच्या दोषाबरोबर एक दुसरा बदलही असतो, जो प्रथिनाची जुळणी पक्की करतो, आणि ही माणसे आजारातून निसटतात किंवा त्यांना तो सौम्य होतो. जेफ्री केली यांच्या प्रयोगशाळेने हाच परिणाम देणारा रेणू शोधला. हृदयाच्या आजारात त्याची चाचणी झाली तेव्हा 264 जणांना टॅफामिडिस आणि 177 जणांना औषध नसलेली कॅप्सूल अडीच वर्षे दिली गेली. 2018 मध्ये निकाल आला: औषधाच्या गटात 29.5 टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात 42.9. म्हणजे त्या 177 जणांपैकी 76 जण गेले. त्या सर्वांना टॅफामिडिस मिळाले असते तर त्यांतले वीस-पंचवीस जण त्या मुदतीपुरते तरी वाचले असते, असा हिशेब कोणीही करू शकतो, आणि तो करताना मन अस्वस्थ झालेच पाहिजे.

पण तो हिशेब निकाल आल्यानंतरचा आहे. चिठ्ठी टाकली जात होती तेव्हा हृदयाच्या आजारात टॅफामिडिसही रेव्हुसिरानइतकेच अज्ञात होते. दोन्ही औषधांमागचा तर्क सुंदर होता, दोन्ही एकाच प्रथिनावर रोखलेली होती, दोन्ही प्रयोगशाळेत अपेक्षेप्रमाणे वागत होती. एकाने माणसे वाचवली. दुसरे मिळालेल्यांत मृत्यू जास्त झाले, आणि त्याचे कारण पुढे कसून शोधूनही निश्चित हाती लागले नाही. म्हणून ‘औषध नाकारले’ हा शब्दच मला चुकीचा वाटतो. सिद्ध न झालेले रसायन नाकारले गेले, आणि ते मिळणे हे भाग्य की दुर्भाग्य हे त्या घटकेला कोणालाच माहीत नव्हते. शिवाय अन्यायाची धार बोथट करण्याचे मार्ग चाचण्यांनी हळूहळू शोधले आहेत. औषधाच्या गटात दुप्पट माणसे ठेवतात, चाचणी संपल्यावर सर्वांना खरे औषध देतात, आणि तटस्थ तज्ज्ञांची एक समिती गुप्त आकडे पाहत राहते व गरज पडल्यास चाचणी थांबवायला सांगते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. रुग्ण इतके थोडे, तर आधीच्या चाचण्यांतल्या औषध न मिळालेल्या गटाचे आकडेच तुलनेला का वापरू नयेत? हे झालेही आहे. मज्जातंतूंच्या आनुवंशिक आजारासाठी एप्लॉन्टर्सन या औषधाची चाचणी झाली, तेव्हा नव्याने कोणालाही औषधाविना ठेवले नाही. त्याच औषध-घराण्यातल्या आधीच्या इनोटर्सनच्या चाचणीतल्या 60 जणांशी तुलना केली आणि 2023 च्या शेवटी अमेरिकेत ते मंजूर झाले. माझ्या दृष्टीने तिथे ही सवलत योग्य होती, कारण त्या आजारात औषधाने पडणारा फरक मुळातच प्रचंड आहे. पॅटिसिरान या आणखी एका औषधाच्या 225 रुग्णांच्या चाचणीत मज्जातंतूंच्या हानीचा गुणांक औषध न मिळालेल्यांत दीड वर्षात 28 अंकांनी वाढला आणि औषध मिळालेल्यांत 6 अंकांनी उतरला होता. एवढी दरी असेल तर मोजपट्टी थोडी हलली तरी चालते. हृदयाच्या बाबतीत मात्र मोजपट्टी थोडी हललेली नाही, सरकून गेली आहे. टॅफामिडिसच्या चाचणीत औषधाविना अडीच वर्षांत 42.9 टक्के गेले. अकोरामिडिस या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत, तितक्याच मुदतीत, औषध नसलेल्या गटातले 25.7 टक्के गेले. आजार तोच, मग हा फरक कुठून आला? मधल्या काळात निदान बदलले. पूर्वी हृदयाचा तुकडा काढून कॉन्गो रेड रंगाने रंगवायचा आणि ध्रुवित प्रकाशात हिरवी झाक शोधायची, हाच पक्का मार्ग होता. 2016 पासून हाडांच्या तपासणीसाठी वापरला जाणारा किरणोत्सारी स्कॅन, जोडीला एएल प्रकार वगळणाऱ्या रक्त व लघवीच्या तपासण्या, यांवर बहुतेक निदाने होऊ लागली. रुग्ण लवकर सापडू लागले, म्हणून जास्त जगू लागले. अशा वेळी एखाद्या निरुपयोगी औषधाची तुलना कोणी जुन्या 42.9 टक्क्यांशी केली असती, तर तेही जीवनदायी ठरले असते. जुना गट जुन्या काळाचा साक्षीदार असतो. नव्या खटल्यात त्याची साक्ष चालत नाही.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञ घेतात. आजाराची यंत्रणा इतकी स्वच्छ कळली असेल, तर मृत्यू मोजत वर्षे कशाला घालवायची? रक्तातले दोषी प्रथिन उतरले की नाही एवढे पाहा आणि मंजुरी द्या. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि एएल प्रकारात त्याचा लाभ रुग्णांना मिळाला आहे. डाराटुमुमॅब हे प्रतिपिंड जुन्या तीन औषधांच्या जोडीला दिले, तर लाइट चेन पूर्ण आटोक्यात येणाऱ्यांचे प्रमाण 18.1 वरून 53.3 टक्क्यांवर गेले. 388 रुग्णांच्या त्या ‘अँड्रोमेडा’ चाचणीच्या आधारे 2021 च्या आरंभीच अमेरिकेत तात्पुरती मंजुरी मिळाली, आणि पुढच्या पाठपुराव्यात मृत्यूही कमी झालेले दिसले. पण हा शॉर्टकट फुकट मिळालेला नव्हता. लाइट चेन उतरली की आयुष्य वाढते, हे शेकडो रुग्णांच्या दीर्घ नोंदींनी आधी दाखवले होते, तेव्हा कुठे त्या आकड्यावर विश्वास टाकता आला. रेव्हुसिराननेही प्रथिन उतरवलेच होते. नंतर आलेल्या वुट्रिसिरानने तेच प्रथिन उतरवून मृत्यू कमी केले. दोघांत एक ठळक फरक मात्रेचा: रेव्हुसिरान आठवड्याला 500 मिलिग्राम, वुट्रिसिरान तीन महिन्यांतून एकदा 25. प्रथिनाचा आकडा औषध निशाणावर लागले का एवढेच सांगतो. औषध शरीरात आणखी काय करते, हे त्या आकड्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

याच आक्षेपाचे एक फसवे भावंड आहे, आणि मला ते सर्वांत धोक्याचे वाटते, कारण ते आशेच्या रूपात येते. साचलेले तंतूच उचलून नेणारे प्रतिपिंड बनवावे ही कल्पना कोणालाही भुरळ पाडेल. बिर्टामिमॅब त्यासाठीच बनवले होते. एएलच्या 260 रुग्णांवरची त्याची मोठी चाचणी 2018 मध्ये थांबवली, कारण यशाची शक्यता उरली नव्हती. मग आकडे पुन्हा चाळले गेले. हृदय सर्वाधिक बिघडलेले, चौथ्या टप्प्यातले 77 रुग्ण वेगळे काढले, तर नऊ महिन्यांनी औषधाच्या गटातले 74 टक्के आणि दुसऱ्यातले 49 टक्के हयात होते. ज्यांना कोणतेही औषध तारत नाही त्यांनाच हे तारते, असे दिसले. रुग्णांच्या नातेवाइकांना हा आकडा दाखवा आणि मग सांगा की अजून एक चाचणी करायची आहे, तिच्यातही काहींना औषध मिळणार नाही; त्यांचा संताप सहज समजतो. तरीही फक्त अशाच 208 रुग्णांची नवी चाचणी झाली. मे 2025 मध्ये निकाल कळला: औषधाने मृत्यूत अर्थपूर्ण फरक पडला नव्हता. पहिल्या वेळी दिसलेली दरी 77 जणांच्या छोट्या गटातल्या योगायोगाची होती, असेच म्हणावे लागते. दाणे पसरून झाल्यावर भोवती रिंगण आखले, तर एखाद्या रिंगणात दाणे दाट सापडणारच. रिंगण आधी आखायचे आणि मग दाणे टाकायचे, एवढी शिस्त दुसऱ्या चाचणीने पाळली. ती न करता मंजुरी मिळाली असती तर सर्वांत अगतिक कुटुंबांनी जमीनजुमला विकून हे औषध घेतले असते.

तुलनेचा गट असला की काम झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. कशाची तुलना आणि किती काळ, हे चुकले तर चांगले औषधही नापास होते. टॅफामिडिसच्याच पहिल्या, मज्जातंतूंवरच्या चाचणीचे असे झाले. त्या वेळी यकृताचे प्रत्यारोपण हा प्रस्थापित उपचार होता, त्यामुळे पाचांतला साधारण एक रुग्ण यकृत मिळताच चाचणी सोडून गेला. सर्वांना धरून हिशेब केला तर स्थिर राहिलेल्यांचे प्रमाण 45.3 विरुद्ध 29.5 टक्के, आणि हा फरक योगायोगाचा असण्याची शक्यता ठरलेल्या मर्यादेच्या किंचित वर. युरोपने 2011 मध्ये मंजुरी दिली, अमेरिकेने पुढच्या वर्षी नाकारली. दोन्ही निर्णयांची बाजू मांडता येते, आणि असे दोन्ही बाजूंनी बोलता यावे हेच अपुऱ्या चाचणीचे लक्षण. अकोरामिडिसचा अनुभव याहून बोलका आहे. त्याच्या चाचणीत 632 रुग्ण होते, आणि एका वर्षानंतरचा पहिला निकष होता सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो. डिसेंबर 2021 मध्ये कळले की औषध घेणाऱ्यांची चाल 9 मीटरने घटली आणि न घेणाऱ्यांची 7 मीटरने. औषध फसले, अशीच भावना पसरली. पण चाचणीच्या मूळ आराखड्यात अडीच वर्षांचा टप्पाही होता, आणि ती पुढे चालू ठेवण्याचा निर्णय झाला. 2023 मध्ये तो टप्पा आला तेव्हा मृत्यू, रुग्णालयात दाखल होणे, हृदयावरचा ताण दाखवणारा रक्तघटक आणि चाल या सगळ्यांच्या एकत्रित तुलनेत औषध निर्विवाद पुढे होते. लवकर निदान झालेल्या रुग्णांची चाल वर्षभरात घटतच नसेल, तर ती घट रोखण्याचे श्रेय औषधाला कुठून मिळणार? टॅफामिडिसच्या चाचणीतही दोन गटांतल्या मृत्यूंच्या रेषा दीड वर्षानंतरच एकमेकींपासून दूर गेल्या होत्या. हृदय हळूहळू ताठ होते, म्हणून औषधाला न्याय द्यायचा तर तेवढा धीर धरावा लागतो. पॅटिसिरानच्या हृदयावरच्या चाचणीने एका वर्षावरच निकाल मागितला, तिथे चालीतला फरक मिळाला साधारण 15 मीटरचा. सल्लागार समितीने 9 विरुद्ध 3 मतांनी बाजूने कौल देऊनही अमेरिकेच्या नियामकांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तो पुरेसा मानला नाही. पॅटिसिरान बनवणाऱ्या त्याच कंपनीने वुट्रिसिरानच्या वेळी सुमारे 650 रुग्ण घेतले, तीन वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, मृत्यू आणि हृदयविकाराचे प्रसंग मोजले, आणि मार्च 2025 मध्ये मंजुरी मिळाली.

या यशातून नवा पेच निघाला आहे. आयुष्य वाढवणारी औषधे हाती असताना आता कोणालाही नुसती औषध नसलेली गोळी देणे खरोखरच अन्यायाचे ठरेल. वुट्रिसिरानच्या चाचणीत सुरुवातीलाच 40 टक्के रुग्ण टॅफामिडिसवर होते. त्यांच्यात फरक दिसला तो त्याच दिशेचा, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का नव्हे. मग एका महागड्या औषधावर दुसरे महागडे औषध चढवायचे का? टॅफामिडिस आणि अकोरामिडिस यांपैकी कोणते घ्यायचे? याचे उत्तर देणारी चाचणी म्हणजे औषधासमोर औषध. तिच्यात दोन्ही बाजूंना उपचार मिळतो, म्हणून नैतिक अडचण जवळजवळ नाही. पण अशी चाचणी मोठी, लांब आणि खर्चिक असते, आणि जिंकण्याची खात्री नसलेल्या सामन्यात उतरायला कंपनीला कारण नसते. 2019 मध्ये टॅफामिडिस अमेरिकेत बाजारात आले तेव्हा त्याची वार्षिक किंमत सुमारे 2,25,000 डॉलर होती. या किमतीपुढे कोणते औषध कोणाला पुरेसे आहे, हा प्रश्न निव्वळ अभ्यासकांचा राहत नाही.

भारताचा संबंध इथे थेट येतो. 2019 च्या आपल्या नव्या औषध व चाचणी नियमांनुसार, देशात पाच लाखांहून कमी लोकांना होणाऱ्या आजारावरच्या औषधाला इथल्या चाचणीतून सूट मिळू शकते. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ यांनी मंजूर केलेल्या अशा औषधांसाठी 2024 मध्ये ही वाट आणखी स्पष्ट केली गेली. रुग्णांसाठी ही सूट आवश्यकच आहे. मूठभर रुग्णांसाठी वेगळी भारतीय चाचणी मागणे म्हणजे औषध कधीच न येणे. पण याचा अर्थ असा की आपला निर्णय दुसऱ्यांच्या चाचणीवर उभा राहणार, आणि हृदयाच्या त्या चाचण्यांतले बहुसंख्य रुग्ण सत्तरी ओलांडलेले गोरे पुरुष होते. ज्याला चाचणी करता येत नाही त्याला किमान चाचणी वाचता आली पाहिजे: तुलनेला कोण होते, किती काळ होते, निकष आधी ठरला होता की नंतर.

आणि एक चाचणी अशी आहे जिची वाट पाहावी असे मला मनापासून वाटते. डिफ्लुनिसल ही ॲस्पिरिनच्या घराण्यातली जुनी वेदनाशामक गोळी. पेटंट कधीच संपलेले. तीही ट्रान्सथायरेटिनचे चार भाग एकत्र धरून ठेवते. बोस्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने, बऱ्याच अंशी सरकारी पैशांवर, पाच देशांतल्या 130 मज्जातंतूंच्या रुग्णांवर तिची चाचणी झाली. रुग्ण गोळा करायलाच वर्षे लागली, आणि निम्म्याच्या आसपास रुग्ण मधेच गळले. तरीही 2013 मध्ये निकाल स्वच्छ होता: दोन वर्षांत हानीचा गुणांक औषधाविना 25 अंकांनी वाढला, डिफ्लुनिसलवर 8.7 अंकांनी. हृदय थकलेल्या रुग्णात ही गोळी मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते, शरीरात पाणी साठवू शकते, पोटात रक्तस्राव करू शकते; म्हणून ती अंदाजाने देणे धोक्याचे आहे, आणि म्हणूनच ती मोठ्या चाचणीत टॅफामिडिससमोर उभी करण्याजोगी आहे. हरली तर एक भाबडी आशा मिटेल. जिंकली किंवा बरोबरीत सुटली, तर ज्यांना वर्षाचे सव्वादोन लाख डॉलर स्वप्नातही जमणार नाहीत त्यांच्यासाठी दार उघडेल. सरकारी संशोधन संस्था आणि मोठी रुग्णालये यांनी एकत्र येऊन पैसा उभा केला तरच ती होईल, कारण या गोळीतून कोणाला नफा मिळवायचा नाही.